दुर्बिणीला दोन तारे दाखवा!

जानेवारीतल्या एखाद्या रात्री आठच्या सुमारास तुम्ही सोलापूरच्या नवी पेठेत एका गच्चीवर उभे आहात, अशी कल्पना करा. दुकानांच्या दिव्यांचा उजेड वर पसरल्यामुळे मोजकेच ठळक तारे दिसत आहेत. जवळ मोटारी बसवलेली दुर्बीण आहे आणि स्टुलावर लॅपटॉप. तुम्हांला देवयानी दीर्घिका पाहायची आहे, पण ती इथून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मग न दिसणाऱ्या वस्तूवर दुर्बीण रोखायची कशी?

“लॅपटॉपला सांगू, तो शोधील!” असे तुम्ही म्हणाल. पण लॅपटॉप काय काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, ते आधी पाहू.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकताना दिसते. चंद्रबिंबाची रुंदी सुमारे अर्धा अंश. म्हणजे दोन मिनिटांत आकाश एका चंद्रबिंबाइतके सरकते! अशा वेळी दुर्बिणीतून पाहत असलेला ग्रह बघता बघता दृष्टीआड होतो. त्याचा पाठलाग करण्यासाठी दोन मोटारी असतात. एक दुर्बिणीला आडवी फिरवते, दुसरी वर-खाली. कोणती मोटार किती फिरली याची मोजणीही सतत चालू असते.

आता जोडणी. बऱ्याच दुर्बिणींना बटणांचा एक हातातला नियंत्रक असतो. त्याच्यापासून एक वायर लॅपटॉपला जोडायची. जुन्या संगणकांना नऊ पिनांची खाच असे. आजच्या लॅपटॉपला ती बहुधा नसते, म्हणून मध्ये यूएसबीचा जोड लावावा लागतो. नियंत्रकावरच्या खाचा एकमेकींसारख्या दिसतात. चुकीच्या खाचेत वायर खुपसल्यास यंत्र बिघडू शकते, म्हणून माहितीपुस्तिका आधी वाचा. मग लॅपटॉपवर ‘स्टेलॅरियम’सारखा आकाशाचा नकाशा दाखवणारा मोफत प्रोग्रॅम सुरू करा.

या दोघांचे बोलणे मोठे मजेदार असते. सेलेस्ट्रॉन कंपनीच्या अनेक दुर्बिणींत लॅपटॉप ‘ई’ हे एकच इंग्रजी अक्षर पाठवतो. त्याचा अर्थ, “तू कुठे पाहतेस?” दुर्बीण दोन संख्यांत उत्तर देते. पहिली विषुवांशाची, दुसरी क्रांतीची. पृथ्वीवर जसे रेखांश आणि अक्षांश, तसेच आकाशात हे दोन. त्यासाठी पूर्ण वर्तुळाचे ६५,५३६ भाग कल्पिले आहेत. हीच संख्या का? २ हा अंक १६ वेळा मांडून गुणाकार करा, म्हणजे उत्तर मिळेल! असा एक भाग सुमारे २० विकलांचा असतो. चंद्रबिंबाच्या रुंदीत असे ९० भाग मावतात.

पण थांबा. हे आकडे आपल्या गच्चीवरच्या आकाशाशी जुळणार कसे? त्यासाठी दुर्बिणीला ठिकाण आणि वेळ सांगावी लागते. सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपली घड्याळे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहेत, हे सांगायला विसरलात तर चूक होईल ५.५ × १५ = ८२.५ अंशांची. दुर्बीण भलतीकडेच तोंड करील! ८२.५ हा आकडा ओळखीचा वाटला ना? भारताची प्रमाणवेळ ज्या रेखांशावरून ठरते, तोच हा.

एवढ्यानेही काम भागत नाही. भिंतीवर एकाच खिळ्याला टांगलेली पाटी डुलते. दुसरा खिळा ठोकला की ती स्थिर होते. आकाशाचेही तसेच. एका ताऱ्यावर दुर्बीण रोखली, तरी त्या ताऱ्याभोवती सारा नकाशा फिरवता येतो. दुसरा तारा दाखवला की तो पक्का बसतो. ध्रुवताऱ्याची मदत घ्यावी, तर तो इथे क्षितिजापासून जेमतेम १७.७ अंश वर, शेजारच्या इमारतीआड असायचा. म्हणून उत्तरेकडचा ब्रह्महृदय आणि आग्नेयेकडचा व्याध निवडा. यंत्राच्या यादीत त्यांची नावे कॅपेला आणि सिरियस अशी असतील.

इथेच खरी मेख आहे. तुम्ही व्याध समजून दुसराच तारा दाखवलात, तर यंत्राचा नेम रात्रभर चुकत राहू शकतो. तारे ओळखण्याचे काम तुमचेच!

मोठ्या वेधशाळांतही दुर्बीण संगणकच हलवतो. जुन्नरजवळ गिरवली येथे पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेची दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण २००६ साली सुरू झाली. तीही आडवी आणि वर-खाली अशीच फिरते. तिथेही अचूक ठिकाण, अचूक वेळ आणि ओळखीचे तारे यांच्या आधारानेच नेम साधतो.

आता लॅपटॉपवर देवयानीवर टिचकी मारा. मोटारी घरघरतील आणि दुर्बीण वायव्येकडे वळून थांबेल. नेत्रिकेत एक धुरकट ठिपका दिसेल. तो प्रकाश तिथून निघाला, त्याला सुमारे २५ लाख वर्षे झाली.

एक सूचना मात्र पाळा. दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नका. क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो.

आणि दुर्बीण नसेल तर? आज रात्री गच्चीवर जा आणि दोन तारे नावानिशी ओळखून या. यंत्राला शिकवायचा पहिला धडा तुमचा तयार असेल.