अतिक्रमण करणारी व्यक्ती आणि मालमत्तेच्या खासगी संरक्षणाचा हक्क : स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना

शेताचा बांध, दोन घरांमधील सामाईक भिंत, वहिवाटीचा रस्ता किंवा रिकामा भूखंड यांवरून निर्माण होणारे तंटे आपल्या समाजजीवनाला नवे नाहीत. असे तंटे बहुधा दिवाणी स्वरूपाचे असतात; परंतु एखाद्या क्षणी काठी उगारली जाते आणि दिवाणी वादातील पक्षकार फौजदारी खटल्यातील आरोपी बनतो. 'माझ्या जागेत कोणी शिरला, तर त्याला मारण्याचा मला अधिकार आहे' ही समजूत सुशिक्षित वर्गातही आढळते. ती सर्वस्वी चुकीची नाही, पण अपुरी आहे. कायदा मालमत्तेच्या रक्षणासाठी बळाचा वापर करू देतो. मात्र तो ताब्याच्या रक्षणापुरता, धोका असेपर्यंत आणि आवश्यक तेवढाच. मालकीचा वाद निकाली काढण्याचे साधन म्हणून कायद्याला बळ मान्य नाही. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कायद्यातील तरतुदी

भारतीय दंड संहिता, १८६० मधील कलम ९६ ते १०६ या तरतुदींनी खासगी संरक्षणाचा हक्क मान्य केला होता. दिनांक १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, २०२३ अंमलात आली असून त्याच तरतुदी आता कलम ३४ ते ४४ मध्ये आहेत. क्रमांक बदलले असले तरी मूळ तत्त्वे बहुतांशी कायम आहेत. त्यामुळे जुन्या संहितेखालील न्यायनिर्णय आजही मार्गदर्शक ठरतात.

कलम ३५ नुसार प्रत्येक व्यक्तीस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या स्थावर-जंगम मालमत्तेचे चोरी, जबरी चोरी, आगळीक व फौजदारी अतिक्रमण यांपासून रक्षण करण्याचा हक्क आहे. येथे 'फौजदारी अतिक्रमण' हा शब्द महत्त्वाचा आहे. परवानगीवाचून जागेत पाऊल टाकणे एवढ्यानेच हा गुन्हा होत नाही. गुन्हा करण्याचा अथवा ताबा असणाऱ्या व्यक्तीस धाक दाखवण्याचा, तिचा अपमान करण्याचा किंवा तिला त्रास देण्याचा उद्देश असावा लागतो. वाट चुकून शेतात आलेला प्रवासी किंवा चेंडू आणण्यासाठी कुंपण ओलांडणारे मूल या व्याख्येत बसत नाही.

मालकी नव्हे, ताबा

या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज मालकीसंबंधीचा आहे. 'सातबारा माझ्या नावावर आहे, म्हणून मी बळाने जमीन परत घेऊ शकतो' हा युक्तिवाद फौजदारी न्यायालयात टिकत नाही. प्रश्न असतो तो घटनेच्या वेळी प्रत्यक्ष ताबा कोणाचा होता, हा.

मुन्शी राम वि. दिल्ली प्रशासन (१९६८) या प्रकरणात कागदोपत्री ताबा दुसऱ्या पक्षास दिल्याचे दाखवले गेले होते. प्रत्यक्ष ताबा मात्र कुळाकडेच होता. त्या ताब्याच्या रक्षणार्थ प्रतिकार करणाऱ्या आरोपींना सर्वोच्च न्यायालयाने दोषमुक्त केले. पूरन सिंग वि. पंजाब राज्य (१९७५) या निर्णयात 'स्थिरावलेला ताबा' म्हणजे काय, याची लक्षणे सांगितली आहेत. ताबा प्रत्यक्ष व पुरेशा काळाचा असावा, तो मालकास ठाऊक असावा किंवा ठाऊक असल्याचे मानता यावे, आणि मालकास बेदखल करण्याची क्रिया पूर्ण होऊन त्याने ती मुकाट्याने स्वीकारलेली असावी. लागवडीच्या जमिनीबाबत, अतिक्रमण करणाऱ्याने पीक उभे केले आहे काय, ही नेहमीची कसोटी होय. पीक उभे असल्यास खऱ्या मालकालाही ते उद्ध्वस्त करता येत नाही.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, कोणी आज सकाळी नांगर घेऊन शेतात घुसत असेल, तर ताबा असणाऱ्यास त्याला रोखता येते व आवश्यक तेवढे बळ वापरून बाहेर काढता येते. परंतु तोच मनुष्य दोन हंगाम ती जमीन कसत असेल आणि मालक गप्प राहिला असेल, तर मालकाला न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. त्याने बळाचा वापर केल्यास खासगी संरक्षणाचा हक्क उलट त्या ताबेदारास प्राप्त होतो.

बळाच्या मर्यादा

कलम ३७ या हक्काला तीन महत्त्वाच्या मर्यादा घालते. पहिली, शासकीय यंत्रणेची मदत घेण्यास पुरेसा अवधी असेल तर हा हक्क उरत नाही. दुसरी, संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. तिसरी, लोकसेवक आपल्या पदाच्या नात्याने सद्भावनापूर्वक कृती करीत असेल, तर ती काटेकोरपणे कायदेशीर नसली तरी, मृत्यू किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असल्यावाचून तिच्याविरुद्ध हा हक्क वापरता येत नाही. अतिक्रमण हटविणाऱ्या पथकाशी झटापट करणाऱ्यांनी ही मर्यादा ध्यानी घ्यावी.

मालमत्तेच्या रक्षणार्थ मृत्यू घडवून आणण्याची मुभा कलम ४१ मधील मोजक्या प्रसंगीच आहे : जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी, मनुष्यवस्तीच्या किंवा मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीस, तंबूस अथवा जलयानास आग वा स्फोटक पदार्थ लावून केलेली आगळीक, आणि मृत्यू वा जबर दुखापतीची रास्त भीती निर्माण करणारी चोरी, आगळीक किंवा गृह-अतिक्रमण. या यादीत उघड्या जमिनीवरील साधे अतिक्रमण नाही. जस्सा सिंग वि. हरियाणा राज्य (२००२) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टपणे सांगितले आहे. शेतात घुसलेल्याला हुसकावता येते; त्याचा जीव घेता येत नाही. त्याने प्राणघातक हल्ला केल्यास शरीराच्या संरक्षणाचा स्वतंत्र हक्क उत्पन्न होतो, ही बाब निराळी.

काळाची मर्यादाही तितकीच कडक आहे. जय देव वि. पंजाब राज्य (१९६३) या प्रकरणात ताबा आरोपींच्या बाजूचा होता व प्रतिकाराचा हक्कही मान्य झाला. तथापि प्रतिपक्षाचे लोक पळत सुटल्यावर झाडलेल्या गोळ्यांना त्या हक्काचे संरक्षण मिळाले नाही. धोका संपला की हक्कही संपतो.

मात्र न्यायालये संकटात सापडलेल्या व्यक्तीच्या कृतीचे मोजमाप सोन्याच्या काट्याने करीत नाहीत. आरोपीस हा बचाव संशयातीतपणे सिद्ध करावा लागत नाही; त्याची संभाव्यता अधिक असल्याचे दाखविणे पुरेसे असते. सद्भावनेने, पूर्वयोजनेवाचून व गरजेपेक्षा अधिक इजेचा हेतू नसताना मर्यादा ओलांडून मृत्यू घडला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. शिक्षा मात्र टळत नाही.

विजेच्या तारेचा प्रश्न

चेरुबिन ग्रेगरी वि. बिहार राज्य (१९६४) हा निर्णय विशेष बोलका आहे. शेजारच्या लोकांनी आपल्या शौचालयाचा वापर करू नये म्हणून एका गृहस्थाने तेथे विजेचा प्रवाह असलेली उघडी तार लावली. तिचा स्पर्श होऊन शेजारील स्त्री मरण पावली. अतिक्रमण करणारी व्यक्ती कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही, असे सांगून न्यायालयाने त्यास निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल दोषी ठरवले. रानडुकरांपासून पीक वाचविण्यासाठी कुंपणात थेट वीजप्रवाह सोडण्याचे प्रकार महाराष्ट्रातही घडतात, आणि त्यांत माणसे दगावतात. तार समोरचा चोर आहे, शेजारी आहे की रात्री पाण्याची पाळी धरायला निघालेला शेतकरी, हे ओळखू शकत नाही. म्हणूनच तिला आत्मसंरक्षण म्हणता येत नाही. अशा निष्काळजी मृत्यूबद्दल आता कलम १०६ अन्वये पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

कायदेशीर पर्याय

विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ अन्वये बेकायदा बेदखल झालेल्या व्यक्तीस सहा महिन्यांच्या आत, मालकीचा प्रश्न न उकरता, ताबा परत मिळविण्यासाठी दावा दाखल करता येतो. शासनाविरुद्ध मात्र हा दावा चालत नाही. शेतजमीन व वहिवाटीचा रस्ता यांबाबत मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत जाता येते. शांतताभंगाची शक्यता असल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १६४ खाली कार्यकारी दंडाधिकारी प्रत्यक्ष ताब्याविषयी निर्णय देतात. या मुदती पाहता विलंब न करणे हेच मालकाचे खरे शस्त्र होय.

समारोप

न्यायालयीन विलंबामुळे लोक बळाकडे वळतात, हा आक्षेप निराधार नाही. परंतु दिवाणी दावा हरलेला मनुष्य जमीन गमावतो. कायद्याची मर्यादा ओलांडणारा जमिनीबरोबर स्वातंत्र्यही गमावतो आणि दोन कुटुंबे उद्ध्वस्त होतात. कायद्याने माणसाच्या जीविताला जमिनीपेक्षा वरचे स्थान दिले आहे, मग तो माणूस अतिक्रमण करणारा का असेना. आपले बहुसंख्य विद्यार्थी ज्या गावांतून येतात, तेथे बांधाचे तंटे ही नित्याची गोष्ट आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून व वर्गातील चर्चेतून मालकी, ताबा आणि बळ यांतील हा भेद प्राध्यापकांनी पोहोचविल्यास काही खटले उभे राहण्यापूर्वीच टळतील.