लोण्याची वाटी मुलाच्या हाती

आषाढी करून गजानन महाराजांची पालखी परत येते, तेव्हा खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा माणसांनी फुलून जातो. रस्त्याच्या कडेला चहा, फराळ, पाणी घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं उभी असतात. त्यांत सहा-सात वर्षांची पोरंही दिसतात. चिखलानं भरलेल्या पायांच्या अनोळखी माणसापुढं पाण्याचा पेला धरताना 'दयाळू हो' असं त्यांना कुणी सांगत नसतं. शेजारी आई तेच करत असते, एवढंच.

तरीही मूल जन्मतःच आपमतलबी असतं, दया त्याच्या अंगी बळेच बाणवावी लागते, हा समज बुलढाणा जिल्ह्यातल्या घरांतही पक्का आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांचा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड वर्षाच्या २४ बाळांसमोर एका मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडे, कधी हात भरलेले असल्यानं कपाटाचं दार उघडता येत नसे. २४ पैकी २२ बाळांनी एकदा तरी उठून मदत केली. ना कुणी विनवलं, ना शाबासकी दिली.

मग ही ऊर्मी जाते कुठं? बऱ्याचदा आपणच ती थोपवतो. पोळ्या लाटताना मूल जवळ आलं की 'हात लावू नको, सांडशील' म्हणतो. आणि तेच मूल दहा वर्षांचं झालं की 'कामाला हात लावत नाही' अशी तक्रार करतो.

दुसरा समज बक्षिसाचा. आजीला पाणी दिलंस तर चॉकलेट, ताईला खेळणं दिलंस तर मोबाइल. याच दोन संशोधकांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवर हे तपासलं. मदतीबद्दल वस्तू मिळालेली मुलं पुढच्या वेळी कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं किंवा नुसतं कौतुक झालं होतं, ती करतच राहिली. चॉकलेट देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण मुलाला आधीच गोड वाटणाऱ्या कामाची मजुरी ठरते आणि मजुरी थांबली की कामही थांबतं.

गोष्टी आणि उपदेश पुरेसे असतात, असंही मानलं जातं. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुलांनी मोठ्यांना खेळात बक्षिसाची नाणी जिंकताना पाहिलं. काही मोठ्यांनी दानाचं महत्त्व सांगितलं, पण नाणी स्वतःकडेच ठेवली. मुलांनी ऐकलेलं सोडलं आणि पाहिलेलं उचललं.

दया म्हणजे पैसे देणं, हा समज मोडायला लांब जायला नको. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात हजारो सेवाधारी पाळीपाळीनं, एक पैसाही न घेता राबतात. कुणी झाडतो, कुणी चपला सांभाळतो, कुणी वाढतो. आणि समोरच्या प्रत्येकाला 'माउली' म्हणतो. दर्शनाला नेलेल्या मुलाला तिथं दोन मिनिटं थांबवून हे दाखवावं. घरी आल्यावर पाहुण्यांच्या चपला नीट लावायचं काम त्याला द्यावं.

भांडणानंतर जबरदस्तीनं 'सॉरी' म्हणायला लावलं की मुलाला समज येते, हाही भ्रमच. तो शब्द सुटकेसाठी उच्चारला जातो. मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांनी दुसऱ्या वाटेवर भर दिला: आपल्या वागण्यानं समोरच्याला काय झालं, ते मुलाला दाखवायचं. 'बघ, त्याचा गुडघा खरचटलाय. काय करू या?' मग हळदीची डबी मूल आपणहून आणतं.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ही रीत नवी नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी होते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात, बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. त्या खांद्यावर बोट फिरवलेल्या मुलाला मुक्या जनावराचे कष्ट शब्दांत समजावून द्यावे लागत नाहीत.

आता अनेक दावणी रिकाम्या आहेत, ट्रॅक्टर आले आहेत. पण गावात कुणाकडे तरी बैलजोडी असतेच. येत्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मुलाला घेऊन तिकडे जा आणि लोण्याची वाटी त्याच्या हाती द्या.