थुंकायचं नाही

मिरजेतल्या दवाखान्यांच्या बाकांवर मराठीइतकंच कन्नड ऐकू येतं. १८९४ साली डॉक्टर वॉनलेस यांनी इथं मिशनचं रुग्णालय काढलं, आणि सीमेपलीकडची माणसं आपली दुखणी घेऊन अजूनही याच गावाला येतात. माझ्या एका बाजूला अथणीचे आजोबा बसलेत, दुसऱ्या बाजूला उजवा गाल हातात धरून माझी भाची. तिच्या पलीकडे तिची आजी, म्हणजे माझी आई, पिशवीत नॅपकिन, पाण्याची बाटली आणि लवंगांची पुडी घेऊन.

डॉक्टरीणबाई पडद्यावर ओपीजी एक्स-रे दाखवतात. या कानापासून त्या कानापर्यंतचा सगळा जबडा एकाच चित्रात. बाकीच्या दाढा सरळ उभ्या आहेत. खालची उजवी अक्कलदाढ मात्र पुढच्या दाढेवर रेललेली, निम्मी हिरडीच्या आत. मधल्या फटीत अन्न अडकतं, दाढेवरची हिरडी सुजते, गोळ्यांनी बसते, पुन्हा सुजते. महिनोन्‌महिने हेच चाललंय, आणि आता पुढची चांगली दाढही किडायला लागलीय. मुळांच्या खाली दोन पांढऱ्या रेघांमधला एक काळसर पट्टा बाई बोटानं दाखवतात. खालच्या ओठाला संवेदना देणारी शीर त्यातून जाते. मुळं तिच्यापासून जरा लांब आहेत, तरी संमतीपत्रावर लिहिलंय: ओठ काही दिवस बधिर राहू शकतो, क्वचित कायमचा. भाची ते वाक्य दोनदा वाचते आणि सही करते.

"डावीकडची पण काढून टाका की एकदमच," आई म्हणते.

"ती सरळ आलीय, तिथं ब्रश पोचतो. तिला का हात लावायचा?" बाई म्हणतात. त्यांचं मला पटतं. इंग्लंडमध्ये नाइस या सरकारी संस्थेनं २००० सालीच सांगून ठेवलंय की निरोगी अक्कलदाढा उगाच काढू नयेत. आपल्याकडे मात्र 'नको असलेली दाढ' म्हणून सरसकट काढून टाकायचा उत्साह फार.

"खाऊन आलीस ना?"

भाची आजीकडे बघते. ऑपरेशन म्हणजे उपाशीपोटी, या हिशेबानं आईनं सकाळपासून तिला चहासुद्धा दिलेला नाही. बाई हसतात. पूर्ण भूल असेल तर उपाशी; इथं फक्त जागा बधिर करायची आहे, त्याला पोटभर खाऊनच यायचं. रिकामं पोट आणि भीती एकत्र आली की माणूस खुर्चीतच चक्कर येऊन पडतो. मी समोरच्या हॉटेलातून इडली आणतो. ती खाऊन होईतो अथणीच्या आजोबांचा नंबर लागतो. त्यांची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि दाढ काढायची म्हणून त्यांनी ती स्वतःच बंद केलीय. बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढतो. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी सोडायची नाही. आज दाढ राहू दे, आधी त्यांना फोन.

मला आत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची परवानगी मिळते. रक्तदाब बघून होतो. आधी हिरडीवर बधिर करणारं जेल, मग जबड्याच्या मागच्या बाजूला इंजेक्शन. औषध लिग्नोकेन, १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालेलं. सोबत थोडं ॲड्रेनलिन. त्यानं रक्त कमी येतं आणि बधिरपणा जास्त टिकतो. थोड्या वेळानं भाची म्हणते, "मामा, अर्धा ओठ नाहीच असं वाटतंय." बाई टोकदार हत्यारानं हिरडी दाबतात. "टोचतंय की नुसतं दाबतंय?" दाबतंय. "दाबल्याचं कळत राहील, आवाज येईल, ओढल्यासारखं वाटेल. दुखलं तर डावा हात वर कर, मी थांबते."

हिरडीला चीर देऊन ती बाजूला केली जाते. ड्रिल सुरू होतं, त्यावर सलाइनची धार, शेजारी लाळ-पाणी ओढणाऱ्या नळीची घरघर. दाढेभोवतीचं थोडं हाड घासलं जातं. मला वाटत होतं की आता पकड येईल आणि हिसका बसेल. तसं काहीच होत नाही. दाढेचेच उभे दोन भाग केले जातात, कारण आडवी दाढ अख्खी ओढायची तर पुढची दाढ वाटेत येते. मध्ये हत्यार घालून ते वळवतात आणि 'कट्ट' असा आवाज होतो. माझा हात आपोआप माझ्याच गालाकडे जातो. भाचीचा डावा हात मांडीवरच असतो. आधी एक तुकडा, मग मुळासकट दुसरा. जागा धुऊन काळ्या रेशमाचे टाके पडतात. या सगळ्याला लागलेला वेळ आम्ही बाहेर बाकावर बसून घालवलेल्या वेळेपेक्षा कमी आहे.

त्या जागी गॉझची घडी ठेवून बाई आईला आत बोलावतात. खरं ऑपरेशन आता सुरू होतं, आणि ते आईवर आहे.

"पाऊण तास हे दाताखाली घट्ट दाबून ठेवायचं. थुंकायचं नाही, लाळ गिळायची. आज चूळ भरायची नाही. नळीनं काही प्यायचं नाही. गरम काही नको. जीभ, बोट, काडी, काहीही तिथं लावायचं नाही."

"मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या?"

"उद्यापासून. कोमट पाणी, तेही नुसतं तोंडात इकडून तिकडं करून सोडून द्यायचं. खळखळ नाही." आईचा चेहरा बघून बाई समजावतात. "खड्ड्यात रक्ताची गाठ बसते, तिच्याखाली जखम भरते. विरजण लावलेलं भांडं तुम्ही हलवत नाही ना? तसंच. थुंकलं, चोखलं, तंबाखू-मिश्री लावली की गाठ निघते, हाड उघडं पडतं. मग जे दुखतं ते आजच्यापेक्षा वाईट."

आई लवंगांची पुडी पिशवीत आणखी खाली सरकवते. जाता जाता डोळ्याचं विचारून घेतेच: दाढ काढल्यानं नजर कमी होते ना? नाही. डोळ्यानं दिसतं त्याची शीर वेगळी, दातांची वेगळी.

घरी दुखण्याची गोळी बधिरपणा उतरायच्या आधीच दिली जाते. गालावर रुमालात गुंडाळलेला बर्फ, थोडा वेळ ठेवायचा, थोडा वेळ काढायचा. चमच्यानं आईस्क्रीम, गार झालेला मऊ भात, तोही डाव्या बाजूनं. लाळ गुलाबी दिसते आणि आई घाबरते. थेंबभर रक्त लाळेत मिसळलं तरी खूप वाटतं. संध्याकाळी शेजारच्या काकू शहाळं घेऊन येतात, नळीसकट. मागोमाग दुसऱ्या काकू, हळदीचा लेप सुचवायला. आई दारातच दोघींना सांगते, "काही करायचं नाही म्हणून सांगितलंय." आयुष्यभर प्रत्येक दुखण्यावर काहीतरी वाटून, उकळून, लावून देणाऱ्या बाईला हे वाक्य किती जड जात असेल! रात्री भाची दोन उशा घेऊन झोपते.

दुसऱ्या दिवशी गाल कालच्यापेक्षा मोठा. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते हे बाईंनी आधीच सांगितलंय, म्हणून घरात धावपळ होत नाही. जेवणानंतर कोमट मीठपाणी, गोळ्या वेळेवर, अँटिबायोटिक दुखणं थांबलं तरी पूर्ण. जबड्याखाली पिवळसर डाग उमटतो. मग सूज उतरू लागते, आणि भाची डाव्या बाजूनं भाकरी दुधात कुस्करून खाते.

आठवड्यानं टाके निघतात. ओठाला सगळं जाणवतंय. खड्डा अजून आहे. तो भरायला महिने लागतील, तोवर जेवणानंतर तिथं पाणी फिरवायचं. बाकावर अथणीचे आजोबा पुन्हा भेटतात. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्या खिशात आहे आणि गोळी चालू आहे.

तुमच्या घरी कुणाची दाढ निघाली असेल तर एवढं लक्षात ठेवा: तिसऱ्या दिवसापासून दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, कानात कळ जायला लागली, तोंडाला घाण वास आला, ताप चढला किंवा गिळता येईना, तर लवंग शोधत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि भेटायला जाताना शहाळं जरूर न्या, पण पेल्यात ओतून द्या.