सुकेळी परदेशी धाडण्याआधी

आगाशीच्या सुकेळ्यांचं नाव वसईबाहेरही आहे. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, काम घरचंच. पण मंडळी, हा माल दुबई-लंडनला धाडायचा तर आधी पैशाचा हिशेब बसवा.

घरखर्चाचं आणि धंद्याचं खातं वेगळं ठेवा. केळी आज रोखीने घ्यावी लागतात, परदेशचा पैसा मागाहून येतो. पावसात वाळवण बंद, म्हणून मोसमात अडकलेली रक्कम वर्षभर भोवते. तेवढी गाठीशी नसेल तर मोठी ऑर्डर घेऊच नका.

आयात-निर्यात क्रमांक ५०० रुपयांत मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्याची माहिती ऑनलाइन तपासून कायम करावी लागते. अन्नपरवाना आणि अपेडाची नोंदणीही करा. जीएसटीचं हमीपत्र दिलं की कर न भरता माल पाठवता येतो.

नवख्या गिऱ्हाईकाकडून आगाऊ रक्कम घ्या, नाहीतर बँकेचं पतपत्र मागा. उधारी द्यावीच लागली तर सरकारी ईसीजीसीचा विमा उतरवा. ही संस्था १९५७ पासून त्यासाठीच आहे.

भौगोलिक मानांकन मिळालेला आपल्याच जिल्ह्यातला डहाणू-घोलवडचा चिकू २०२१ साली ब्रिटनला गेला. तुम्हीही जाल. फक्त पहिला माल थोडा धाडा, पैसे हाती आले की मगच दुसरा.