हिशेब विचारणें हा अविश्वास नव्हे

आपल्या सुशिक्षित घरांतून वाणसामानाचा हिशेब दर महिन्यास होतो. दूधवाल्यानें किती खाडे केले तें भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर टिपलेलें असतें, आणि परटाकडे गेलेल्या कपड्यांची यादी तर मुलेंसुद्धां पाठ म्हणतात. परंतु ज्या वाचनालयाचे आपण वीस वर्षें वर्गणीदार आहों, ज्या देवस्थानास वाडवडिलांपासून देणगी जात आहे, ज्या शिक्षणसंस्थेच्या इमारतनिधीस मुलीच्या लग्नांत आहेराऐवजीं रक्कम दिली, त्यांचा जमाखर्च आपणांपैकीं किती जणांनीं उघडून पाहिला असेल? पावती हातांत पडली कीं आपलें पुण्यकर्म संपलें, अशीच आपली समजूत असते. कोणी पुढें जाऊन प्रश्न विचारलाच तर "आतां यांनाहि संशय येऊं लागला!" असा सूर निघतो. हा संकोच सभ्यपणाचा दिसतो खरा. पण आपल्या कित्येक चांगल्या संस्था त्यानेंच खंगत चालल्या आहेत, हें या लेखांत मांडावयाचें आहे.

प्रथम शब्दांकडेच वळूं. 'विश्वस्त' हें धातुसाधित विशेषण आहे. ज्याच्यावर दुसऱ्यानें विश्वास टाकला तो विश्वस्त. म्हणजे या शब्दाच्या पोटांतच दुसरा कोणी तरी बसलेला आहे. तो नसेल तर विश्वस्तहि नाहीं. 'न्यास' शब्द 'नि' उपसर्ग आणि 'अस्' धातु यांपासून निघाला. त्याचा मूळ अर्थ खालीं ठेवणें, सोपविणें. सोपविलेली वस्तु घेणाऱ्याची होत नाहीं. ती मागतांच परत करावी लागते. मनुस्मृतींत वादाचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत ऋणादानाच्या मागोमाग दुसरें पद निक्षेपाचें, म्हणजे ठेवीचें, आहे. ठेवीवरून तंटे होतात, आणि ते सज्जनांतहि होतात, हें आपल्या पूर्वजांना चांगलें ठाऊक होतें.

कौटिल्य तर याहून पुढें गेला आहे. १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं प्रसिद्ध केलेल्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सरकारी द्रव्य गिळण्याचे चाळीस प्रकार मोजून दिले आहेत. उत्पन्न आधीं येऊन मागून जमा दाखविणें, एकाचें दिलेलें दुसऱ्याच्या नांवावर लिहिणें, अशा त्यांतील युक्त्या वाचल्या म्हणजे तीं पानें कालपरवां लिहिलीं असावींत असें वाटतें. अधिकाऱ्यांनीं आषाढांत आपापले हिशेब घेऊन हजर व्हावें असा तेथें नियम आहे. परंतु मला सर्वांत मार्मिक वाटतें तें निराळेंच. हिशेब घेऊन न येणाऱ्यास जसा दंड आहे, तसाच हिशेब देणारा येऊन उभा राहिला असतां तो तपासण्यास तयार नसणाऱ्या अधिकाऱ्यासहि दंड सांगितला आहे! देणाऱ्याचें कर्तव्य आणि घेणाऱ्याचें कर्तव्य अशीं दोन्ही अंगें त्या पंडितानें ओळखलीं होतीं. आपण मात्र पहिलें तेवढें लक्षांत ठेविलें आणि दुसरें विसरलों.

पर्वतीपासून सार्वजनिक सभेपर्यंत

महाराष्ट्राच्या अर्वाचीन सार्वजनिक जीवनाचा प्रारंभच मुळीं एका हिशेबाच्या प्रश्नांतून झाला, ही गोष्ट तरुण वाचकांस कदाचित् नवी वाटेल. पेशवाईंत उभारलेल्या पुण्याच्या पर्वती देवस्थानाचा कारभार इंग्रजी अमलांत पंचांकडे आला. १८६३ च्या विसाव्या कायद्यानें सरकारनें देवस्थानांच्या व्यवस्थेंतून आपलें अंग काढून घेण्याचें धोरण स्वीकारलें होतें. पर्वतीच्या व्यवस्थेविषयीं पुणेकरांत असंतोष उत्पन्न झाला. या असंतोषाला तोंड कोणी फोडावयाचें, आणि फोडणाऱ्यास तुम्ही कोणाच्या वतीनें बोलतां असें विचारलें तर काय उत्तर द्यावयाचें, असा प्रश्न निघाला. त्याच्या उत्तरांतून २ एप्रिल १८७० रोजीं पुण्याची सार्वजनिक सभा जन्मास आली. गणेश वासुदेव जोशी हे तिचे प्राण होते. लोक त्यांना पुढें 'सार्वजनिक काका' या नांवानेंच ओळखूं लागले.

या सभेचा एक नियम ध्यानांत घेण्यासारखा आहे. सभासद होऊं इच्छिणाऱ्यानें निदान पन्नास लोकांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावयाचें असें ठरलें. आरंभीं पंचाण्णव सभासद झाले, व त्यांच्या पाठीशीं सुमारें सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. ज्यांना पंचांकडून जाब मागावयाचा होता, त्यांनीं आधीं स्वतःला जाब विचारण्याचा अधिकार दुसऱ्यांच्या हातीं दिला! पुढें १८७६-७७ च्या दुष्काळांत याच सभेनें ठिकठिकाणीं माणसें पाठवून माहिती गोळा केली आणि सरकारकडे ती पुनः पुनः मांडली. देवळाच्या कारभारापासून निघालेला प्रश्न राज्याच्या कारभारापर्यंत पोंचावयास दहा वर्षेंहि लागलीं नाहींत. घरचा जमाखर्च विचारण्याची संवय लागली म्हणजे दरबारचा विचारण्याचें धैर्य आपोआप येतें.

त्या पिढीला आणखी एक गोष्ट कळली होती. पैसा थोडा व देणारे पुष्कळ असले म्हणजे जबाबदारी वाढते. अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं एक पैसा मागत गांवोगांव हिंडून पैसाफंड उभारला, आणि त्यांतून १९०८ सालीं तळेगांवचा कांच कारखाना निघाला. नाताळमध्यें १८९४ सालीं गांधींनीं तेथील हिंदी लोकांची काँग्रेस स्थापली तेव्हां लहानसहान रकमेचीहि पावती व चोख टांचण यांवर त्यांचा कटाक्ष असे. एका पैशाच्या दात्याची आठवण ठेवणारी संस्था लाखाच्या दात्यालाहि सहसा फसवीत नाहीं.

कायदा काय देतो

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यानें १९५० सालीं सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थांसाठीं जो कायदा केला, तोच आज महाराष्ट्राच्या नांवानें चालू आहे. देवस्थान, धर्मादाय निधि, आणि १८६० च्या कायद्याखालीं सात जणांनीं सह्या करून नोंदलेल्या धर्मार्थ संस्था, ह्या सर्व त्याच्या कक्षेंत येतात. धर्मादाय आयुक्त हा त्याचा मुख्य अधिकारी. कलमांची जंत्री देऊन मीं वाचकांस कंटाळा आणूं इच्छीत नाहीं. पण चार गोष्टी प्रत्येक वर्गणीदाराला ठाऊक असाव्यात.

पहिली, दरवर्षीं हिशेब लेखापरीक्षकाकडून तपासून घेतला पाहिजे. त्या परीक्षकानें केवळ बेरजा जुळतात एवढें पाहून भागत नाहीं. अनियमित, बेकायदा वा अनुचित खर्च झाला असल्यास, किंवा येणें वसूल करण्यांत हयगय झाली असल्यास, तसें त्यानें लिहावयाचें असतें. दुसरी, विश्वस्त बदलला किंवा नोंदींतील दुसरा तपशील बदलला तर नव्वद दिवसांच्या आंत तें कळवावें लागतें. कित्येक संस्थांच्या नोंदींत दिवंगत झालेले विश्वस्त वर्षानुवर्षें कारभार पाहत असतात, याचें कारण एवढेंच कीं हें कळविण्याची तसदी कोणी घेतलेली नसते! तिसरी, स्थावर मालमत्ता विकणें, बदलून देणें किंवा दान करणें धर्मादाय आयुक्ताच्या पूर्वपरवानगीवांचून करतां येत नाहीं. शेतजमीन दहा वर्षांपेक्षां अधिक आणि इतर जागा तीन वर्षांपेक्षां अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यानें देण्यासहि तीच अट आहे. चौथी, कर्तव्यांत कसूर करणाऱ्या विश्वस्तास चौकशीअंतीं निलंबित करण्याचा किंवा काढून टाकण्याचा अधिकार आयुक्तास आहे.

कायदा एवढा असून गैरव्यवस्था कां उरते? कारण आयुक्ताच्या कचेरीला संस्थेचे कागद दिसतात, संस्थेचें अंगण दिसत नाहीं. तें दिसतें वर्गणीदाराला.

एका निधीची गोष्ट

सेवानिवृत्तीनंतर एका तालुक्याच्या गांवच्या जुन्या वाचनालयाच्या वार्षिक सभांस मी नियमानें जात असें. सभासद पुष्कळ, सभेस येणारे सात-आठ. गणपूर्तीअभावीं सभा तहकूब करावयाची आणि अर्ध्या घटकेनें तेथेंच पुनः भरवावयाची, असा शिरस्ता पडला होता. चिटणीस सचोटीचे, निरलस आणि पदरमोड करणारे गृहस्थ होते. त्यांच्याविषयीं संशय घेणें म्हणजे पाप, अशी सर्वांची भावना होती व ती अयोग्य नव्हती.

एका वर्षीं अहवाल वाचून झाल्यावर मागच्या बांकावरून एक वृद्ध बाई उठल्या व म्हणाल्या, "चिटणीससाहेब, माझ्या जावेनें मुलींच्या पुस्तकांसाठीं ठेव दिली होती. तिच्या व्याजांतून यंदा कोणतीं पुस्तकें आलीं, तेवढीं नांवें सांगाल का?" सभेंत थोडी चुळबूळ झाली. एक जण तर म्हणाले, "वहिनी, हे प्रश्न सभेंत विचारावयाचे नसतात." परंतु चिटणीस उठून उभे राहिले व त्यांनीं वह्या मागविल्या. तीन वर्षें त्या ठेवीचें व्याज छपराच्या दुरुस्तीकडे गेलें होतें. कोणीं एक पैसाहि खाल्ला नव्हता. छप्पर गळत होतें, पुस्तकें भिजत होतीं, हाताशीं पैसा होता, तो वापरला. जमाखर्च बरोबर होता, लेखापरीक्षकाचा शेरा स्वच्छ होता, आणि तरीहि तीन वर्षें गांवांतल्या मुलींना त्यांचें एकहि नवें पुस्तक मिळालें नव्हतें.

त्या दिवशीं ठराव झाला. नेमून दिलेल्या प्रत्येक निधीची खातेवही निराळी ठेवावी, छपरासाठीं उघड वर्गणी मागावी, आणि वळविलेलें व्याज क्रमानें परत भरावें. छपराची वर्गणी सहज जमली! लोकांनीं ती आधींच दिली असती. त्यांना कोणीं विचारलेंच नव्हतें. चिटणीस त्या बाईंना पोंचवावयास दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "आपण विचारलेंत, माझें ओझें उतरलें." मला हें वाक्य फार महत्त्वाचें वाटतें. प्रामाणिक कार्यकर्त्याला प्रश्न हा आधार असतो. त्याच्या पश्चात् जो येईल तो तसाच निघेल याची हमी कोणी द्यावी? तेव्हां माणसाच्या सचोटीचें संस्थेच्या रीतींत रूपांतर होणें अवश्य आहे, आणि तें प्रश्नांवांचून होत नाहीं.

सरकारच्या दारीं

सरकारी कचेऱ्यांविषयींहि हाच न्याय. महाराष्ट्रांत २००२ सालीं माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला, व १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा अमलांत आला. साधा अर्ज, दहा रुपये शुल्क, आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास दिवसाला अडीचशें, पण एकूण पंचवीस हजारांपर्यंत, दंड होऊं शकतो. याच कायद्याच्या चौथ्या कलमानें आपली रचना, अधिकार, अंदाजपत्रक वगैरे सतरा बाबी मागणीची वाट न पाहतां प्रसिद्ध करण्याचें बंधन प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आहे. १७ सप्टेंबर २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, ज्या बिनसरकारी संस्थांचा बराचसा भार सरकारी पैशावर चालतो त्यांनाहि हा कायदा लागू आहे. लोकांच्या कराचा पैसा घेतला म्हणजे लोकांच्या प्रश्नाचें उत्तरहि देणें आलें.

२०१५ सालीं राज्यानें लोकसेवा हक्काचा कायदा केला. कोणता दाखला किती दिवसांत मिळावा, तो कोणीं द्यावा, न मिळाल्यास दाद कोणाकडे मागावी, हें अधिसूचित सेवांपुरतें आतां ठरलेलें असतें. सबळ कारणावांचून कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्यास पांचशेंपासून पांच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तथापि ओळखीच्या कारकुनाकडून काम लवकर करून घेण्यांतच आपणांस अजून भूषण वाटतें. आपलें काम ओळखीनें झालें म्हणजे रांगेंतील ज्याची ओळख नाहीं त्याचें मागें पडलें, एवढा साधा हिशेब आपण करीत नाहीं. शिकलेल्या घरांवर याची जबाबदारी अधिक आहे. कारण अर्ज लिहितां येतो तो त्यांनाच.

मात्र एक पथ्य पाळलें पाहिजे. प्रश्न विचारण्यांत द्वेष नसावा. गटबाजीसाठीं अर्जांचा पाऊस पाडणें आणि कार्यकर्त्यास जेरीस आणणें ही हिशेबाची मागणी नव्हे, ती सूड घेण्याची एक रीत आहे. त्या वृद्ध बाईंनीं एकच प्रश्न विचारला, तो सभेंत विचारला, आणि उत्तर मिळाल्यावर त्या छपराच्या वर्गणीची पहिली पावती फाडून घरीं गेल्या. विचारणाऱ्यानें स्वतःचा वांटा उचलावयास तयार असावें, हें सार्वजनिक सभेच्या मुखत्यारपत्राचेंहि तात्पर्य होतें.

बहुतेक संस्थांचें वर्ष ३१ मार्चला संपतें. त्यानंतर कांहीं महिन्यांनीं वार्षिक सभेच्या सूचना घरोघर येतात आणि रद्दींत जातात. यंदां ती सूचना जपून ठेवावी. सभेस घरांतील एकानें तरी जावें, जमल्यास शिकत्या मुलाला वा मुलीला बरोबर न्यावें. अहवालाबरोबरचा जमाखर्च वाचावा, 'किरकोळ' या सदराखालची रक्कम गतवर्षींपेक्षां कां वाढली तें विचारावें, आणि नेमून दिलेले निधि नेमल्या कामीं लागले कीं नाहीं तें पाहावें. या सगळ्यास दोन तास पुरतात. पर्वतीच्या कारभाराविषयीं विचारणाऱ्यांनीं पन्नास-पन्नास सह्यांसाठीं गल्लोगल्ली पायपीट केली. आपणांस तर निमंत्रण घरबसल्या येतें. जावयाचें तेवढें उरलें आहे.