मार्को पोलोची वाट पाहताना

आमच्या थोरल्या काकांनी यंदा सत्तरी गाठली. देवाच्या दयेने प्रकृती ठीक आहे, मुले मार्गाला लागली आहेत, आणि कुणाकडे काही मागावे असे त्यांचे आता राहिलेले नाही. एकच इच्छा ते अधूनमधून बोलून दाखवतात आणि घरातली मुले ती ऐकून हसतात. लहानपणी टेलिव्हिजनवर पाहिलेली एक गोष्ट त्यांना पुन्हा एकदा पाहायची आहे. घरातले कुणीही लंडनला निघाले की ते सांगतात, "दुकानात विचारून ये रे, ती कॅसेट निघाली का." कॅसेटचा जमाना सरला, तबकडीचाही सरत आला, पण काकांच्या तोंडी अजून कॅसेटच आहे.

आपल्या बेटावर टेलिव्हिजन आले १९६५ साली. आमच्या गावात तेव्हा संच एकच, तो कोपऱ्यावरच्या चिनी दुकानदाराकडे. संध्याकाळी तो भला माणूस मुलांना आत घेई आणि तांदळाच्या गोणींवर बसू देई. कार्यक्रम इंग्रजीतला, मुलांना निम्मा कळे, उरलेला निम्मा ती एकमेकांना क्रिओलमध्ये समजावत. एक पांढऱ्या केसांचा चिडखोर म्हातारा, एक निळी पेटी, बाहेरून कपाटाएवढी नि आतून दिवाणखान्याएवढी, आणि मिरपुडीच्या डबीसारखी दिसणारी दुष्ट यंत्रे. जुन्या वाचकांनी ओळखलेच असेल. ती मालिका म्हणजे बीबीसीची 'डॉक्टर हू'. ज्या देशांना ती साठच्या दशकात विकली गेली त्यांच्या यादीत मॉरिशसचे नाव आहे, तेव्हा काकांची आठवण अगदीच हवेतली नव्हे.

काकांना हवी आहे ती एकच कथा. त्यात मोठे वाळवंट आहे, घोडे आहेत, रेशमी झग्यातले सरदार आहेत, आणि तहानेने सगळे मरायला टेकले असताना त्या पेटीच्या आतल्या भिंतींवरून पाणी ओघळू लागते. हे पाणी काकांच्या डोक्यातून साठ वर्षे गेलेले नाही. आम्ही बरीच वर्षे समजत होतो की काकांनी दोन-तीन सिनेमांची खिचडी केली आहे.

शिक्षकाचा पेशा असल्याने या मालिकेविषयी आम्हांला एक वेगळे प्रेम आहे, ते सांगूनच टाकतो. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, ती सुरू झाली तेव्हा म्हाताऱ्या डॉक्टरबरोबर प्रवासाला निघाले होते ते दोन शाळामास्तर. इयन चेस्टरटन विज्ञान शिकवणारे आणि बार्बरा राइट इतिहास शिकवणाऱ्या. शनिवारी संध्याकाळी घरोघरच्या मुलांना गोष्टीच्या ओघात थोडे विज्ञान, थोडा इतिहास मिळावा असा बीबीसीचा हेतू होता. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे आपल्या लखनौचे, जन्म १९३८ चा. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट जेमतेम सत्तावीस वर्षांच्या. तिशीच्या आतल्या या दोघांच्या हातात बीबीसीने शनिवारची संध्याकाळ दिली होती. आजच्या कार्यालयांत असे धाडस कोण करील?

पुढे १९६४ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हुसेन यांनी 'मार्को पोलो' ही सात भागांची कथा केली. त्यातला चौथा भाग तेवढा जॉन क्रॉकेट यांचा. डॉक्टर आणि दोन्ही मास्तर मार्को पोलोच्या काफिल्याबरोबर पामीरपासून गोबी वाळवंट ओलांडून कुब्लाई खानाच्या दरबारी जातात. वाळवंटात पाणी संपते, आणि रात्रीच्या थंडीने पेटीच्या आतल्या भिंतींवर वाफेचे पाणी धरते. ते कसे घडले हे इयन मास्तर मार्को पोलोला समजावून देतात. काकांची कथा ती हीच. तिचा एकही भाग आज चित्ररूपाने हाती नाही.

हे कसे झाले, ते ऐकून आमच्या वर्गातली मुले थक्क होतात. जे फोनवर दिसत नाही ते जगात असू शकते हे त्यांना पटते, पण जे एकदा टेलिव्हिजनवर दिसले ते नाहीसे होऊ शकते हे काही केल्या पटत नाही. त्या काळी दोन इंच रुंदीची व्हिडिओ फीत फार महाग होती. ती पुसून पुन्हा वापरता येत असे, आणि तशी ती वापरलीही जाई. नटांच्या संघटनेशी असलेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या. १९६९ मध्ये मुख्य वाहिनीवर रंग आला आणि काळ्या-पांढऱ्याला गिऱ्हाईक उरले नाही. घरी बसून जुना कार्यक्रम विकत घेऊन पाहता येईल ही कल्पनाच कुणाच्या मनात नव्हती. मूळ फिती पुसल्या गेल्या. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या सोळा मिलिमीटरच्या फिल्म प्रती तेवढ्या राहिल्या होत्या, त्यांचीही भर कचऱ्यात पडत होती. १९७८ च्या सुमारास हे थांबले, त्याचे श्रेय एका चाहत्याच्या धावपळीला आणि अभिलेखागारात नव्याने नेमल्या गेलेल्या स्यू माल्डन यांना जाते.

बीबीसीला नावे ठेवताना आमची जीभ जरा अडखळते. आमच्या आजीच्या आवाजातल्या झाकरीच्या गाण्यांची एक कॅसेट घरी होती. आम्ही बारा-तेरा वर्षांचे असताना कोऱ्या कॅसेटला पैसे नाहीत म्हणून तिच्यावर हिंदी सिनेमाची गाणी भरली. एक बाजू पूर्ण गेली. दुसऱ्या बाजूवर आजी आठ-नऊ मिनिटे उरली आहे.

असो. घरगुती व्हिडिओ आला तेव्हाची गंमत ऐका. १९८३ साली मालिकेला वीस वर्षे झाली म्हणून इंग्लंडात लाँगलीट येथे मोठा मेळा भरला. तिथे चाहत्यांना विचारले गेले, तुम्हांला पहिली कॅसेट कोणत्या कथेची हवी? लोकांनी एकमुखाने मागितली 'द टूम ऑफ द सायबरमेन', १९६७ ची कथा. आणि ती तर शिल्लकच नव्हती! चारही भाग गहाळ. मग सायबरमेन हवेत ना, असे म्हणून त्या ऑक्टोबरात 'रिव्हेंज ऑफ द सायबरमेन' ही १९७५ ची दुसरीच कथा बाजारात आणली गेली. लग्नाला बोलावले थोरलीच्या नि हार घातला धाकटीला, अशातला प्रकार. त्या कॅसेटची किंमत चाळीस पौंडांना पाच पेन्स कमी होती, तरी लोकांनी ती घेतली.

पण पुढचे ऐका. १९९१ च्या अखेरीस हाँगकाँगमध्ये त्याच हरवलेल्या कथेचे चारही डबे निघाले. मे १९९२ मध्ये तिची कॅसेट आली आणि विक्रीच्या यादीत वर जाऊन बसली. लाँगलीटला मत देणाऱ्यांना नऊ वर्षांनी मागितलेली वस्तू मिळाली. तेव्हापासून या मंडळींच्या आशेला काही अंत नाही, आणि आम्ही त्यांना वेडे म्हणणार नाही.

सापडण्याच्या जागा तरी किती तऱ्हेच्या! १९८३ मध्ये लंडनमधल्या मॉर्मन पंथीयांच्या चर्चच्या इमारतीत दोन भाग निघाले. १९९९ मध्ये न्यूझीलंडच्या एका संग्राहकाकडे एक. १९९६ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारी अभिलेखागारात सापडले ते नुसते तुकडे: मुलांना भीती वाटेल म्हणून तिथल्या सेन्सॉरने कापून काढलेले. पूर्ण भाग गेले आणि जे मुलांनी पाहू नये असे ठरले तेवढेच जपून राहिले. सर्वांत मोठी लूट मिळाली नायजेरियातील जोस गावच्या टेलिव्हिजन केंद्राच्या खोलीत. ऑक्टोबर २०१३ मध्ये जाहीर झाले की फिलिप मॉरिस यांनी तिथून नऊ हरवलेले भाग आणले. 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' पुरी झाली, 'द वेब ऑफ फियर'चा एक भाग राहिला. त्या वेळी पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांपैकी ९७ सापडायचे होते.

चित्रे गेली तरी आवाज मात्र सगळा आहे, ही या कहाणीतली आम्हांला सर्वांत भावलेली गोष्ट. त्या वेळची काही मुले टेलिव्हिजनच्या कर्ण्यापुढे मायक्रोफोन धरून, घरातल्यांना गप्प बसवून, प्रत्येक भाग ध्वनिफितीवर उतरवत होती. कुणी सांगितले नव्हते, पुढे उपयोग होईल असेही वाटले नव्हते. त्यांच्यामुळे हरवलेल्या एकूण एक भागाचा आवाज उरला. शिवाय जॉन क्युरा नावाचे एक गृहस्थ आपल्या घरच्या पडद्याचे फोटो काढून नटांना आणि दिग्दर्शकांना विकत असत. 'मार्को पोलो'चे असे फोटो निघाले ते खुद्द वारिस हुसेन यांच्याकडे, चौथा भाग सोडून, कारण तो त्यांचा नव्हता. या आवाजाला आणि चित्रांना जोडून अर्ध्या तासाचा सारांश २००६ च्या तबकड्यांच्या संचात दिला गेला. इतर काही हरवलेल्या कथांना व्यंगचित्रपटाचे रूप मिळाले: २००६ मध्ये 'द इन्व्हेजन'चे दोन भाग, २०१६ मध्ये 'द पॉवर ऑफ द डालेक्स' संपूर्ण.

असूनही न दिसणे हा आणखी एक प्रकार आहे. २०२३ मध्ये बीबीसीने ब्रिटनमधल्या प्रेक्षकांसाठी जुनी मालिका इंटरनेटवर खुली केली, पण अगदी पहिलीच कथा तीत नव्हती. ती शाबूत आहे, लेखकाच्या वारसाशी हक्कांचे जमले नाही एवढेच. चाहत्यांच्या दृष्टीने कपाटात कुलूपबंद काय नि कचऱ्यात काय, सारखेच.

तर काकांसाठी आम्ही 'मार्को पोलो'ची ध्वनितबकडी मिळवली. २००३ मध्ये निघालेली, मधले दुवे सांगायला इयन मास्तरांचे काम करणारे विल्यम रसेल यांचाच आवाज. एका रविवारी जेवणानंतर ती लावली. काकी भांडी आवरत होत्या, त्यांना काकांनी हातानेच थांबवले. दुसऱ्या भागात वाळूचे वादळ सुटते. काका डोळे मिटून म्हणाले, "कारोलच्या रात्री पत्रा असाच ओरडत होता." १९६० च्या त्या चक्रीवादळात ते पाच वर्षांचे होते. मग तिसऱ्या भागात इयन मास्तर पाण्याचे स्पष्टीकरण देऊ लागले तेव्हा काकांनी आमचा हात धरला. "ऐकलंस? तेच पाणी. आता खोटं म्हणशील?" आम्ही कान पकडले.

आवाज ऐकून झाल्यावर मात्र काकांची भूक वाढली. आता त्यांना ते पाणी पाहायचेच आहे. परदेशी केंद्रांना करारात तीन वाटा असत: फिल्म परत पाठवा, दुसऱ्या देशाला द्या, नाहीतर नष्ट करून तसे लिहून द्या. तिन्ही वाटांनी जाता जाता काही डबे कुणाच्या तरी घरी राहिले, म्हणून तर इतके सापडले. तेव्हा वाचकहो, आपल्या घरातले कुणी पूर्वी टेलिव्हिजनमध्ये किंवा फिल्म दाखवण्याच्या कामात होते का, हे एकदा आठवून पाहा. माळ्यावर किंवा गॅरेजमध्ये ताटाएवढा गोल पत्र्याचा डबा असेल आणि उघडताना व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर फिल्म सडू लागली आहे असे समजावे. ती यंत्रावर चढवून पाहू नये, उन्हात ठेवू नये, आणि कचऱ्याच्या गाडीत तर मुळीच देऊ नये. डब्यावर काय लिहिले आहे ते उतरवून आमच्या शाळेत कळवावे. काकांचे म्हणणे आहे की मध्यरात्री निरोप आला तरी चालेल, ते जागेच असतात.