रुदाश: मशिदी गेल्या, हमाम राहिला

हंगेरीच्या बुडापेस्ट शहरात मुसलमान प्रवाशाने काय पाहावं, असं कुणी विचारलं तर गुलबाबांच्या मजारीबरोबर आम्ही रुदाश स्नानगृहाचं नाव घेतो. मित्रमंडळींसोबत तिथे जाऊन आलो, त्यातून समजलेल्या गोष्टी इथे मांडतो.

बुडा शहर १५४१ ते १६८६ उस्मानी तुर्कांच्या ताब्यात होतं. तिथला सुभेदार सोकोल्लू मुस्तफा पाशा याने १५७२ च्या सुमारास रुदाश बांधून घेतलं. साधा हमाम लाकडं जाळून तापवावा लागतो. इथे मात्र पाणी जमिनीतूनच गरम येतं. अशा जागेला तुर्की भाषेत 'इलिजा' म्हणतात. आपल्या कोकणातलं उन्हवरे किंवा ठाण्याकडची वज्रेश्वरी आठवा, म्हणजे कल्पना येईल.

पाणी गरम का? बुड्याच्या टेकड्या चुनखडीच्या आहेत. पावसाचं पाणी त्यांत मुरतं, खूप खोल जातं, तिथे तापतं आणि डॅन्यूब नदीकाठच्या भेगांमधून पुन्हा वर येतं. रुदाश गेलर्ट टेकडीच्या अगदी पायथ्याशी, अशाच झऱ्यांवर आहे.

आत शिरल्यावर अष्टकोनी हौद लागतो. भोवती आठ खांब, वर १० मीटर व्यासाचा घुमट. घुमटातल्या छोट्या झरोक्यांना रंगीत काचा आहेत, त्यांतून उजेड पाण्यावर पडतो. मधल्या हौदाचं पाणी ३६ अंश असतं. चार कोपऱ्यांतल्या लहान हौदांत २८, ३०, ३३ आणि ४२ अंश. गरम हौदात जास्त वेळ बसू नये. बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आता आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न: सतरचं काय? स्त्री-पुरुष एकत्र असण्याचे दिवस वेगळे असतात, ते टाळता येतात. मंगळवार बायकांचा असतो आणि इतर काही कामाचे दिवस पुरुषांचे. वेळापत्रक बदलू शकतं, म्हणून जाण्याआधी बघून घ्यावं. पुरुषांच्या दिवशी छोटा एप्रन वापरायची जुनी पद्धत आहे, पण तो फक्त पुढून झाकतो. नाभीपासून गुडघ्यापर्यंत अंग झाकेल अशी पोहण्याची लांब चड्डी आपलीच न्यावी. आम्ही तसंच केलं, कुणी हटकलं नाही.

तुर्कांना हमाम इतका गरजेचा का वाटला, याचं उत्तर तहारतमध्ये आहे. वुजू आणि गुस्लशिवाय नमाज नाही. त्यामुळे वस्ती झाली की मशिदीबरोबर पाण्याची सोय आलीच. याच शहरातला किराय हमाम तर तटबंदीच्या आत बांधला, तिथे झरा नसताना पाणी दुरून नळाने आणून. वेढा पडला तरी सैनिकांची आंघोळ चुकू नये, हा हेतू.

सत्ता गेल्यावर बुड्यातल्या मशिदी पाडल्या गेल्या किंवा त्यांची चर्च झाली. त्यांतल्या कित्येक आधी चर्चच होत्या, हेही खरं. हमाम मात्र टिकले, कारण ते सगळ्यांच्या कामाचे होते. आज तिथे आंघोळ करणारे बहुतेक जण मुसलमान नाहीत, पण घुमट पाशाचाच आहे. सदका-ए-जारिया म्हणतात ते हेच असावं.

आपल्याकडेही मलिक अंबरच्या नहरी आणि औरंगाबादची पाणचक्की आहे. त्यांच्यावर अभिमानाने बोलणारे आपण पुष्कळ. पण जुन्या नहरी, हौद, विहिरी साफ ठेवून वापरात आणणारे किती? वास्तू वापरात राहिली तरच टिकते, हे रुदाश पाहिल्यावर पटतं.